साथीचे नियम आणि खाडीचें दार

साथीचा रोग आला म्हणजे राज्यकर्त्यांच्या मनांत प्रथम जो विचार येतो तो औषधाचा नसून दाराचा असतो. आंत कोण आला, कोठून आला, त्यास आंत घ्यावें कीं बाहेरच थोपवून धरावें, हा प्रश्न वैद्यास बोलावणें जाण्यापूर्वींच चौकीवरच्या शिपायापुढें उभा राहतो. परमुलखांतून येणाऱ्या प्रवाशांसंबंधींचे नियम हें आरोग्यशास्त्राचें एक प्रकरण आहेच. परंतु आमच्या मतें त्याहूनहि अधिक तें राज्यशास्त्राचें प्रकरण आहे. आपला कोण व परका कोण, हें कोणतेंहि सरकार सुखाच्या दिवसांत उघड बोलत नाहीं. साथीच्या दिवसांत मात्र तें नियमांच्या रूपानें लिहून ठेवतें. म्हणूनच हे नियम इतिहासाच्या अभ्यासकानें एकदां बारकाईनें वाचण्याजोगे आहेत. हा इतिहास प्रस्तुत लेखांत आम्ही आगरदांड्याच्या धक्क्यावरून पाहणार आहों.

वाचक कदाचित् विचारतील कीं, व्हेनिस, सुवेझ, मुंबई हीं जगाचीं मोठीं दारें सोडून या लहानशा गांवाकडे वळण्याचें कारण काय? कारण एवढेंच कीं, मोठ्या दारापाशीं नियम कसा घडला हें दिसतें. तो अखेर कोणावर पडला हें पाहावयाचें तर लहान दारापाशींच उभें राहावें लागतें.

आगरदांडा हें मुरूड तालुक्यांतील राजपुरीच्या खाडीकांठचें गांव. समोर खाडीपलीकडे दिघी. मध्यें पाण्याचा रुंद पट्टा, आणि त्यावरून माणसांची ने-आण करणारी तर. खाडीच्या तोंडाशीं, राजपुरीसमोर, भर समुद्रांत सिद्दीचा जंजिरा उभा आहे. जमिनीवरून पलीकडे जावयाचें तर खाडीचा सबंध वळसा घालावा लागतो; पाण्यावरून तेंच अंतर घटकाभराचें. इतिहासांत या भागाचें नांव दंडा-राजपुरी असें येतें, आणि शिवछत्रपतींपासून पेशव्यांपर्यंत मराठ्यांनीं या दारासाठीं किती शक्ति वेंचली, हें वाचकांस नव्यानें सांगावयास नको.

येथें आमच्या विषयास उपयोगी पडणारी गोष्ट निराळीच आहे. ज्या काळाविषयीं आम्हांस बोलावयाचें आहे त्या काळीं या खाडीचे दोन्ही कांठ इंग्रजी मुलखांत नव्हते. उत्तरेस रोह्याची खाडी, दक्षिणेस बाणकोटची खाडी, पूर्वेस रोहें व माणगांव हे इंग्रजी तालुके आणि पश्चिमेस समुद्र, अशा चतुःसीमेंत जंजिरा संस्थान होतें. त्याचा विस्तार सुमारें सव्वातीनशें चौरस मैल, आणि १९०१ च्या खानेसुमारीप्रमाणें वस्ती सुमारें ८५ हजार. १८७९ पासून १९२२ पर्यंत गादीवर नबाब सिदी अहमदखान होते. १९४८ सालीं हें संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें, आणि ज्या कुलाबा जिल्ह्यांत तें समाविष्ट झालें त्याचें नांव १९८१ पासून रायगड झालें. तेव्हां १८९६ सालीं मुंबईच्या गिरणींतला एखादा गडी आगबोटीनें या किनाऱ्यास आला, तर कायद्याच्या भाषेंत तो एक मुलूख सोडून दुसऱ्या मुलखांत शिरत असे. त्याच्या मनाला मात्र हा विचार शिवतहि नसे. तो आपल्या घरीं जात असे. कायद्याचा परका आणि घरचा माणूस हे दोघे एकाच देहांत असूं शकतात, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्याभोंवतीं फिरणारें आहे.

आतां थोडें मागें जाऊं. येणाऱ्या माणसास कांहीं दिवस दूर ठेवण्याचा लेखी नियम युरोपांत प्रथम एड्रियाटिक समुद्रावरील रागुझा नगरीनें, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकनें, १३७७ सालीं केला. रोगाच्या गांवाहून येणाऱ्यानें तीस दिवस बाहेर राहून मग नगरांत यावें, असा तो नियम. पुढें व्हेनिसनें १४२३ मध्यें एका बेटावर या कामासाठीं स्वतंत्र रुग्णालय बांधलें. तीस दिवसांचे चाळीस झाले, आणि इटालियन भाषेंतील चाळीस या संख्येवरून 'क्वारन्टीन' हा शब्द जगभर रूढ झाला. हीं दोन्ही नगरें व्यापारावर जगणारीं होतीं, हें विसरतां कामा नये. त्यांस दार कायमचें बंद करणें परवडणारें नव्हतें, आणि सताड उघडें ठेवणेंहि परवडणारें नव्हतें. मुदतीची अटकाव-छावणी हा व्यापारानें भीतीशीं केलेला तह होता.

एकोणिसाव्या शतकांत हा तह सर्व राष्ट्रांनीं मिळून करावा, असा प्रयत्न सुरू झाला. १८५१ सालीं पॅरिस येथें पहिली आंतरराष्ट्रीय आरोग्यपरिषद भरली. १८६५ च्या पटकीच्या साथीनें मक्केच्या यात्रेंत हाहाकार करून युरोप गांठला, तेव्हां १८६६ मध्यें कॉन्स्टँटिनोपल येथील परिषदेनें पटकीचें मूळ घर हिंदुस्थान होय, असा निर्णय दिला. १८६९ मध्यें सुवेझचा कालवा खुला झाला आणि मुंबई युरोपास आणखीच जवळ आली. त्यानंतर पुष्कळ वर्षें प्रत्येक परिषदेंत एकच देखावा दिसे. इतर राष्ट्रें म्हणत, हिंदुस्थानाहून येणारीं जहाजें अडवा. इंग्रज सरकार म्हणे, क्वारन्टीन निरुपयोगी आहे, त्यानें रोग थांबत नाहीं, व्यापार मात्र थांबतो. हिंदुस्थानांतील वरिष्ठ आरोग्याधिकारीहि बराच काळ याच मताचे होते. या मतांत शास्त्र किती व जहाजांचें भाडें किती, याची वांटणी करणें कठीण आहे.

अशा स्थितींत १८९६ चा सप्टेंबर उजाडला. मुंबईंत मांडवी भागांत डॉ. अकाशियो गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय वैद्यानें गांठीच्या तापाचे रोगी पाहिले आणि हा प्लेग आहे असें निदान केलें. त्या वेळच्या मराठींत यास ग्रंथिक सन्निपात म्हणत. ६ ऑक्टोबर रोजीं म्युनिसिपालिटीनें कडक जाहीरनामा काढला. २९ ऑक्टोबर रोजीं आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणीकामगारांचा जमाव चालून गेला. रोगाचें भय आणि इस्पितळाचें भय यांत दुसरें मोठें ठरलें. हिवाळ्यांत शहर रिकामें होऊं लागलें. १८९१ च्या गणतींत मुंबईची वस्ती ८ लाख २१ हजार होती. त्यांतील निम्मे लोक १८९७ च्या आरंभापर्यंत शहर सोडून गेले, असा तत्कालीन अंदाज आहे. १९०१ च्या गणतींत शहराची वस्ती ७ लाख ७६ हजार भरली. जें शहर दशकादशकाला वाढावयाचें, तें घटलें.

हें वर्तमान युरोपांत पोंचतांच हिंदी मालाविरुद्ध व हिंदी उतारूंविरुद्ध दारें लागूं लागलीं. ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सूचनेवरून फेब्रुवारी १८९७ मध्यें व्हेनिस येथें परिषद बोलावण्यांत आली. तीस वर्षें क्वारन्टीन निरुपयोगी म्हणणाऱ्या सरकारास आतां आपण कांहीं करीत आहों हें जगास दाखविणें भाग पडलें. परिषद भरण्याच्या थोडेच दिवस आधीं, ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं, साथीच्या रोगांचा कायदा संमत झाला. हा कायदा अवघ्या चार कलमांचा. बंदरास येणाऱ्या वा बंदर सोडणाऱ्या जहाजाची तपासणी करावी, त्यावरील माणसांस अटकावून ठेवावें, आगगाडीनें वा अन्य मार्गानें प्रवास करणारांस तपासावें, संशयितांस इस्पितळांत किंवा तात्पुरत्या जागेंत वेगळें ठेवावें, हे अधिकार त्यानें सरकारास दिले. आज्ञाभंग करणारास दंडविधानाच्या १८८ व्या कलमाखालीं शिक्षा, आणि सद्भावनेनें काम करणाऱ्या अधिकाऱ्यास फिर्यादीपासून संरक्षण. अधिकार कोणते हें त्यांत आहे. ज्यास अडवून ठेवलें त्याच्या अन्नपाण्याची, मजुरीची वा तक्रारीची व्यवस्था काय, याविषयीं त्यांत अक्षर नाहीं.

व्हेनिसचा करार १९ मार्च १८९७ रोजीं झाला. त्यानें जहाजांच्या तीन जाती पाडल्या. ज्यावर प्लेगचा रोगी आहे किंवा गेल्या बारा दिवसांत होता तें दूषित. ज्यावर निघतेवेळीं वा प्रवासांत रोगी होता, पण बारा दिवसांत नवा झाला नाहीं तें संशयित. ज्यावर मुळींच झाला नाहीं तें निर्दोष. रोग अंगांत लपून राहण्याची मुदत दहा दिवस धरली. दूषित बंदर सोडणाऱ्या प्रत्येक उतारूची तपासणी जहाजावर चढण्यापूर्वीं, किनाऱ्यावर, दिवसाउजेडीं, सरकारी वैद्याकडून व्हावी, असा दंडक घातला. इतकें झाल्यावर व्यापारी जहाजांस वाट मिळाली. खरा भार पडला तो यात्रेकरूंवर. त्या वर्षीं हिंदुस्थान सरकारनें हजची यात्राच बंद केली. एरव्हींहि हिंदी यात्रेकरूंस तांबड्या समुद्रांतील कामरान बेटावर, तुर्की सरकारनें १८८२ पासून उघडलेल्या अटकाव-छावणींत, दिवस काढावे लागत. पहिल्या वर्गाचा उतारू आणि डेकवरचा यात्रेकरू यांच्या अंगांत रोगाचे जंतु एकाच रीतीनें शिरतात. नियम मात्र दोघांच्या अंगीं एकाच रीतीनें लागले नाहींत.

बाहेरच्या जगास जें वचन दिलें त्याची फेड देशांतल्या प्रवाशाकडून झाली. आगगाडीच्या स्थानकांवर उतारू उतरवून त्यांची काख, जांघ व मान तपासण्यांत येऊं लागली. परपुरुषानें भर फलाटावर स्त्रियांच्या अंगास हात लावावा, हें समाजास सहन होणारें नव्हतें. त्यावर जो ओरडा झाला त्यानंतर स्त्री-तपासनीस व आडोसे यांची सोय कोठें कोठें झाली. वरच्या वर्गाच्या उतारूंची तपासणी सौम्य, तिसऱ्या वर्गाची कडक. मद्रास इलाख्यांत तर दूषित भागांतून येणारास प्लेगचा परवाना देण्याची पद्धत निघाली. तो घेऊन माणसानें मुक्कामाचा पत्ता द्यावा व दहा दिवस रोज हजेरी लावावी. पुण्यांत घरझडतीचें पर्यवसान २२ जून १८९७ च्या रात्रीं कोठें झालें, तें सर्वश्रुतच आहे. तथापि त्याच पुण्यांत त्याच वर्षीं १० मार्च रोजीं सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करतां करतां त्या रोगानेंच वारल्या, हेंहि येथें नमूद केलें पाहिजे. रोग्यापर्यंत जाण्याची एक वाट शिपायाची होती आणि दुसरी ही होती.

आतां पुन्हां आपल्या खाडीकडे येऊं. मुंबईचा कामगार तो बहुतांशीं कोंकणचा. १९०१ मध्यें मुंबईंत राहणाऱ्या लोकांपैकीं दीड लाखाच्या जवळपास लोक एकट्या रत्नागिरी जिल्ह्यांत जन्मलेले होते. कुलाब्याचे व जंजिऱ्याचे निराळेच. त्यांचा राजमार्ग म्हणजे समुद्र. पावसाळा संपला कीं आगबोटी सुरू होत, आणि मृगाच्या तोंडावर बंद पडत. बोट बंदराबाहेर नांगर टाकी, पडाव तिच्या बाजूस लागे, आणि गांठोडीं, पेट्या, पोरेंबाळें यांसह माणसें किनाऱ्यास येत. गलबतें व मचवे तर याहून मोकळे. त्यांस ना वेळापत्रक, ना ठरलेला धक्का. जेथें भरती पोंचते तेथें मचवा पोंचतो. अशा किनाऱ्यावर पळून येणाऱ्या लोकांस अडविणें म्हणजे जाळ्यानें पाणी अडविण्यासारखें होतें.

शिवाय अधिकाराचीहि अडचण होती. १८९७ चा कायदा इंग्रजी हिंदुस्थानास लागू; संस्थानांत जें करावयाचें तें दरबाराच्या हुकुमानें, आणि दरबारास सल्ला देणार पोलिटिकल एजंट, म्हणजे कुलाब्याचा कलेक्टर. पश्चिम किनाऱ्यावर अशा सीमा पावलोपावलीं होत्या. दमण व गोवें पोर्तुगीजांचें, सावंतवाडी संस्थानिकांची, जाफराबाद पुन्हां जंजिऱ्याच्याच नबाबाचें. रोगाला यांतील एकहि सीमा ठाऊक नव्हती. पोर्तुगीजांच्या दमणांत १८९७ मध्यें प्लेग फैलावला, तेव्हां डॉ. हाफकीन यांनीं मुंबईंत तयार केलेल्या आपल्या लसीचा प्रयोग तेथील रहिवाशांवर मोठ्या प्रमाणावर केला. हीच लस त्यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःस टोंचून घेतली होती. नियमांचे मुलूख निरनिराळे असले तरी औषधास ते अडवूं शकले नाहींत, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट.

आतां जो प्रश्न इतिहासकारानें विचारलाच पाहिजे तो विचारूं. या सर्व तपासणीचा उपयोग काय झाला? १८९४ मध्यें हाँगकाँग येथें येर्सें यांनीं प्लेगचा जंतु शोधला होता. पण तो माणसाच्या अंगांत शिरतो कसा, हें कोणास ठाऊक नव्हतें. नियम करणारे धरून चालले होते कीं, रोग माणसाबरोबर, त्याच्या कपड्यांबरोबर, त्याच्या अंगाच्या मळाबरोबर प्रवास करतो. म्हणून त्यांनीं माणूस तपासला, गांठोडीं उकडलीं, चिंध्या जाळल्या. १८९८ मध्यें कराची येथें पॉल-लुई सिमोन या फ्रेंच वैद्यानें दाखविलें कीं, रोग उंदराचा असून तो पिसवेच्या द्वारें पसरतो. सरकारी प्लेग कमिशननें त्याचें म्हणणें मानलें नाहीं. १९०५ नंतर मुंबईंत लिस्टन प्रभृति संशोधकांनीं प्रयोगांची मालिका केली, तेव्हां कोठें तें निर्विवाद ठरलें. म्हणजे सात-आठ वर्षें पहारेकरी चुकीच्या प्रवाशाची झडती घेत होते. बंदरावर रांगेंत उभा केलेला मजूर काख दाखवीत होता, आणि त्याच्या शेजारून धान्याचीं पोतीं, उंदीर व पिसवांसह, निर्धास्त उतरत होतीं. मालास वाट द्यावी आणि माणसास अडवावें, असा ज्या नियमांचा कल, त्यांच्या नशिबीं दुसरें काय येणार?

याउलट जो उपाय खरोखर लागू पडला तो सामान्य लोकांस अनुभवानें ठाऊक होता. घरांत उंदीर पडूं लागले कीं घर सोडावें, गांवाबाहेर माळावर झोपड्या घालून राहावें, आणि साथ ओसरल्यावर परत यावें. हिमालयाच्या पायथ्याच्या खेड्यांतून हा रिवाज फार जुना होता, आणि महाराष्ट्रांतहि प्लेगच्या काळांत माळावरच्या झोपड्यांचें राहणें घराघरांच्या आठवणींत शिल्लक राहिलें. येथें माणसास परका म्हणून अडविण्याचा प्रश्नच नाहीं. दूषित जागा सोडणें आणि दूषित माणूस पकडणें यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. पहिल्यांत सारें गांव एकत्र बाहेर पडतें. दुसऱ्यांत एकास बाहेर काढून गांव आंत राहतें. सरकारनेंहि दंग्यांच्या व असंतोषाच्या अनुभवानंतर हळूहळू सक्ती सैल केली, आणि स्थलांतर, टोंचणी व उंदरांचा नायनाट यांवर भर दिला. तोंपर्यंत पुष्कळ उशीर झाला होता. एकट्या १९०७ सालीं देशांत तेरा लाखांवर माणसें प्लेगनें मेलीं, आणि सबंध साथीचा आंकडा एक कोटीच्या वर जातो.

हा सारा इतिहास कोणास जुना वाटत असेल, तर त्यानें २०२० साल आठवावें. जानेवारीच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनें कोरोनाविषयीं धोक्याची घोषणा केली. ११ मार्च रोजीं भारत सरकारनें हुकूम काढला कीं, १३ मार्चपासून परदेशी प्रवाशांचे बहुतेक सर्व परवाने तहकूब, आणि चीन, इटली, इराण, कोरिया, फ्रान्स, स्पेन व जर्मनी या सात देशांत १५ फेब्रुवारीनंतर गेलेल्या प्रत्येकानें, मग तो भारतीय असो वा परका, १४ दिवस वेगळें राहावें. पण महाराष्ट्रांतले पहिले रोगी ९ मार्चलाच पुण्यांत सांपडले होते, आणि ते दुबईहून आले होते. दुबई त्या यादींत नव्हती. आखाती देशांतून येणारांस सक्तीचें विलगीकरण १८ मार्चपासून लागू झालें. विमानतळावर ताप मोजणारें यंत्र ज्यास ताप आहे त्यासच ओळखी. ज्याच्या अंगांत रोग असून ताप नाहीं, तो हंसत बाहेर पडे. पहारा पुन्हां एकवार डोळ्यांस दिसणाऱ्या खुणेवर होता, आणि रोग न दिसणाऱ्या वाटेनें चालला होता. २५ मार्चपासून सारा देशच बंद झाला. आणि हें सर्व कोणत्या कायद्याखालीं? दुसऱ्या कांहीं कायद्यांच्या जोडीस, त्याच १८९७ च्या चार कलमी कायद्याखालीं. वैद्यसेवकांवर हल्ले करणारांस शिक्षा वाढविण्यासाठीं तो एप्रिल २०२० मध्यें वटहुकुमानें दुरुस्त झाला. अडविलेल्या माणसाचे हक्क त्यांत तेव्हांहि आले नाहींत.

महाराष्ट्रांत मार्चमध्यें परदेशांतून आलेल्या माणसाच्या डाव्या हातावर शिक्का मारण्यांत येऊं लागला. मे महिन्यापासून खास विमानांनीं परत आलेल्या भारतीयांस आधीं चौदा दिवस, मग सात दिवस संस्थेंत व सात दिवस घरीं, असें राहावें लागलें, आणि तोहि बहुधा स्वखर्चानें. कोंकणपट्टीच्या ज्या घरांतले पुरुष पिढ्यान् पिढ्या जहाजांवर नोकरी करतात, त्यांचें दुःख निराळेंच होतें. त्या वर्षअखेरीस जगभर सुमारें चार लाख खलाशी, करार संपूनहि, जहाजांवरच अडकले होते असा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज आहे. कोणत्याहि बंदरास त्यांचा माल हवा होता. ते कोणासच नको होते. १८९७ च्या धान्याच्या पोत्याची आणि त्याच्या शेजारच्या मजुराची गोष्टच ही.

आणि मग तो परकेपणा आपल्या खाडीच्या कांठींहि येऊन पोंचला. मुंबईहून गांवीं येणारा चाकरमानी कोंकणच्या वेशीवर परदेशी झाला. कोठें वाटेवर आडवीं लाकडें आलीं, कोठें जिल्हा परिषदेच्या शाळेंत चौदा दिवसांचा मुक्काम आला. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ याच रायगड किनाऱ्यावर आदळलें. मुरूड, म्हसळें, श्रीवर्धन या भागांतील घरांचीं छपरें उडालीं, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. ज्या माणसांस येऊं नका म्हणून सांगितलें होतें, त्यांचींच घरें उघडीं पडलीं आणि त्यांच्याच हातांची गरज लागली. ऑगस्टमध्यें गणपति आले. सरकारनें नियम केला कीं, १२ ऑगस्टच्या आंत पोंचणारानें दहा दिवस वेगळें राहावें, आणि नंतर येणारानें रोग नसल्याचा तपासणीदाखला आणावा. त्या दहा दिवसांच्या मुदतींत व्हेनिसच्या कराराचे दहा दिवस योगायोगानेंच आले असतील. पण इतिहासाच्या वाचकास ते दिसल्यावांचून राहत नाहींत.

गांवकऱ्यांस दोष देणें सोपें आहे. आम्ही तो देणार नाहीं. ज्या गांवापासून मोठें इस्पितळ कोसच्या कोस दूर आहे, आणि मध्यें खाडी आहे, त्या गांवाची भीति खोटी नव्हती. उलट चाकरमान्याची ओढहि खोटी नव्हती. ज्याच्या मनिऑर्डरीवर घर चाललें, त्यास त्या घराच्या उंबऱ्यावर दाखला मागावा, हें त्यास लागणारच. दोघेहि खरे असतां भांडण झालें, याचें कारण मधल्या नियमाचा दुबळेपणा. ज्या शाळेंत माणसास ठेवावयाचें तेथें अंथरूण, पाणी, शौचकूप व दोन वेळचें अन्न यांची तजवीज ज्या गांवीं नीट झाली, तेथें तंटे थोडे होणार. जेथें नुसता हुकूम गेला, तेथें त्याचें ओझें शेजाऱ्यानें शेजाऱ्यावर टाकलें.

आणखी एक प्रकरण सांगून हा इतिहास आटोपतों. २०२१ मध्यें लशीचा दाखला हा प्रवासाचा नवा परवाना झाला. तेव्हां ब्रिटननें असा नियम केला कीं, भारतांत कोविशिल्ड टोंचून घेतलेल्या माणसासहि न टोंचलेला समजून दहा दिवस अडवावें. कोविशिल्ड ही लस मूळ ऑक्सफर्डचीच, आणि ती तयार झाली पुण्यांत. भारतानें १ ऑक्टोबर रोजीं उलट ब्रिटिश प्रवाशांस तोच दहा दिवसांचा नियम लावला. ११ ऑक्टोबरपासून ब्रिटननें आपला नियम सैल केला, आणि दोन दिवसांनीं भारतानेंहि मागें घेतला. त्या पंधरवड्यांत रोगाच्या स्वरूपांत कोणताच फरक पडला नव्हता. फरक पडला तो एवढाच कीं, १८९७ सालीं ज्या देशावर नियम लादले जात, तो आतां जशास तसें म्हणूं शकत होता. स्वाभिमानाच्या दृष्टीनें हें ठीक झालें. परंतु आरोग्याचा नियम स्वाभिमानानें ठरूं लागला कीं तो आरोग्याचा राहत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

मग नियमच नसावेत काय? असें आम्ही म्हणत नाहीं. दार नसलेलें घर कोणी बांधीत नाहीं, आणि रोगाची गति पहिले कांहीं दिवस मंदावली तरी तेवढ्या अवकाशांत इस्पितळ उभें राहूं शकतें. पण सव्वाशें वर्षांचा हा अनुभव पाहतां अशा नियमास चार कसोट्या लावाव्या असें आम्हांस वाटतें. रोग कोणत्या वाटेनें येतो याच्या ज्ञानावर तो उभा आहे, कीं केवळ दिसणाऱ्या खुणेवर? तो पहिल्या वर्गाच्या उतारूस व डेकवरच्या माणसास सारखाच लागू आहे काय? अडवून ठेवण्याची मुदत आधींच निश्चित व जाहीर आहे काय? आणि ज्यास समाजाच्या हितासाठीं अडविलें, त्याचा खर्च समाज उचलतो काय? चारी उत्तरें होकारार्थी आलीं, तर लोक कडक नियमहि पाळतील. एकहि नकारार्थी आलें, तर पळवाट निघेल, आणि ती वाट रोगालाहि सांपडेल.

विशेषतः चौथी कसोटी आमच्या कायद्यांत अजून उतरलेली नाहीं. १८९७ च्या कायद्याची जागा घेणारा सर्वांगीण कायदा करावा, अशी चर्चा २०२० नंतर पुष्कळ झाली. तो करतांना दिल्लीच्या विमानतळाकडे पाहिलें जाईल यांत शंका नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, नियम लिहिणारानें एकदां आगरदांड्याच्या धक्क्याकडेहि पाहावें. तेथें तरींतून जो उतरतो तो कागदोपत्रीं कोणत्याहि मुलखाहून आलेला असो. धक्क्यावर त्याची वाट पाहणारें कोणी तरी उभें असतें. त्यास चार दिवस दूर ठेवण्याचा अधिकार राज्यास आहे. पण त्या चार दिवसांत तो कोणाचाच नाहीं असें वागविण्याचा अधिकार कोणासहि नाहीं.